चार प्रश्नचिन्हं

काही वर्षांपूर्वी मी माझी टिपणं ज्या ऑनलाइन सेवेत ठेवत होतो, ती बंद झाली. बंद होण्याआधी महिनाभर त्यांचं पत्र आलं. पत्रात इतक्या वर्षांच्या सोबतीबद्दल आभार होते, पुढच्या वाटचालीला शुभेच्छा होत्या आणि खाली एक बटण होतं: तुमची सगळी माहिती उतरवून घ्या. मी बटण दाबलं. फाइल उतरली. नऊ वर्षांच्या टिपणांना शोभेल असा तिचा आकार होता. मी ती दोन ठिकाणी ठेवली आणि निर्धास्त झालो. उघडून पाहिली ती थेट चार महिन्यांनी.

इंग्रजी टिपणं जशीच्या तशी होती. तारखा होत्या, परिच्छेद होते, शब्दांमधली मोकळी जागासुद्धा होती. मराठी अक्षरांच्या जागी मात्र प्रश्नचिन्हं होती. पानंच्या पानं नुसती प्रश्नचिन्हं.

मी प्रोग्रामर आहे. ज्यांचा या कामाशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मराठी मजकूर संगणकात दोन तऱ्हांनी बिघडतो. एका तऱ्हेत अक्षरांऐवजी परक्या लिप्यांची चिन्हं दिसतात, पडद्यावर कचरा सांडल्यासारखं वाटतं. दिसायला ते भयंकर, पण त्यात काहीच हरवलेलं नसतं. युटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटमध्ये साठवलं जातं. ते तीन बाइट जागच्या जागी असतात, वाचणारा प्रोग्राम तेवढा चुकीच्या पद्धतीने वाचत असतो. पद्धत बदलली की मजकूर पुन्हा उभा राहतो. दुसरी तऱ्हा दिसायला नीटनेटकी असते. कुठल्याशा प्रोग्रामने मजकूर अशा जुन्या अक्षरसंचात बदललेला असतो, ज्यात देवनागरी मुळातच नाही. ज्या चिन्हाला जागा सापडत नाही तिथे तो एक प्रश्नचिन्ह टाकतो आणि पुढे जातो. थांबत नाही, चूक झाली म्हणून कुठे नोंदवत नाही. त्या प्रश्नचिन्हामागे काहीही उरलेलं नसतं.

त्या टिपणांमध्ये माझ्या वडिलांनी शेवटच्या दोन वर्षांत फोनवर सांगितलेल्या आठवणी होत्या. फोन ठेवला की त्यांच्याच शब्दांत लगेच टाइप करायचं, असा माझा परिपाठ होता. आता मी त्या ओळी मोजत बसलो. काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षर सांधणारं हलन्ताचं चिन्ह, प्रत्येकाला एकेक प्रश्नचिन्ह मिळालेलं. म्हणजे 'आई' दोन, 'आजी' तीन, 'बाबा' चार. पण 'काका' चार, 'दादा' चार, 'शाळा' चार आणि 'पाऊस'सुद्धा चारच.

मदतकक्षाला लिहिलं. या पत्त्यावर आलेली पत्रं आता वाचली जात नाहीत, असं यंत्राने उत्तर दिलं.

फाइल त्याच दिवशी उघडून पाहिली नाही ही चूक माझी, आणि ती मला कायम सलणार आहे. पण त्याहून अधिक बोचलं ते दुसरंच. नऊ वर्षं त्या सेवेबद्दल माझी एकही तक्रार नव्हती. वेग चांगला, दिसायला सुरेख, कोणी विचारलं तर मी बेलाशक शिफारस केली असती, केलीही होती. माझ्या विश्वासाची खरी परीक्षा एकदाच झाली, निघतानाच्या दारात. आणि तिथे मी पोचलो तेव्हा विचारायला कोणी उरलं नव्हतं.

त्याच सुमारास भाचीने विचारलं, "मामा, लोकशाहीची व्याख्या काय लिहू?" तिच्याकडे एक व्याख्या होती, आपल्या सगळ्यांकडे असते तीच: लोकांचं, लोकांनी चालवलेलं, लोकांसाठीचं राज्य. अमेरिकेचे अध्यक्ष लिंकन यांनी हे शब्द १९ नोव्हेंबर १८६३ रोजी युद्धात पडलेल्या सैनिकांच्या दफनभूमीवर उच्चारले. तिथे ते अक्षर न अक्षर खरे होते. पण तो शोक होता, संकल्प होता. लिंकन काही व्याख्या करायला उभे नव्हते.

मी तिला म्हटलं, "एखादं राज्य या वाक्याला उतरत नाही हे तू कसं ओळखशील?" ती विचारात पडली. आमच्या कामात हा रोजचा प्रश्न आहे. ग्राहक म्हणतो, प्रोग्राम वापरायला सोपा हवा. हवाच. पण काय घडलं तर तो सोपा नाही असं ठरवायचं, हे सांगितल्याशिवाय त्या वाक्याला टेस्ट, म्हणजे ते खरं ठरतं की नाही हे पडताळणारी चाचणी, लिहिता येत नाही, आणि ज्याला टेस्ट लिहिता येत नाही त्याबद्दल प्रत्येक जण आपलं काम झालं असं खुशाल म्हणू शकतो. लोकांचं राज्य आमचंच, असं म्हणायला कुठलाही राज्यकर्ता कचरत नाही. पूर्व जर्मनीच्या तर अधिकृत नावातच लोकशाही होती. तिथे निवडणुका वेळच्या वेळी होत, मतदान भरघोस होई, आणि १९६१ पासून देशाबाहेर पडण्याच्या वाटेवर बर्लिनची भिंत उभी होती.

कार्ल पॉपर या तत्त्वज्ञाने हा प्रश्न उलटा करून ठेवला, आणि मला तो प्रोग्रामरचा वाटतो. राज्य कोणी करावं हे विचारू नका, म्हणाले. वाईट किंवा नालायक सरकार रक्त न सांडता घालवता येतं का, ते विचारा. येत असेल तर लोकशाही, नसेल तर नाही. याला टेस्ट लिहिता येते. ४ मार्च १८०१ ला अमेरिकेचे अध्यक्ष जॉन ॲडम्स निवडणूक हरल्यामुळे पहाटेच राजधानी सोडून निघून गेले आणि त्यांचे विरोधक जेफरसन त्यांच्या जागी आले. ॲडम्स रागावलेले होते, जेफरसनच्या शपथविधीला थांबलेही नाहीत. पण गेले. माझ्या लेखी सगळं मर्म त्या जाण्यात आहे.

भाचीला हे पटलं, पण पुरेसं वाटलं नाही. "हरला हे ठरवणार कोण?" तिने विचारलं. बरोबर विचारलं. आणि त्याचं उत्तर मला पुन्हा पूर्व जर्मनीतच सापडलं.

७ मे १९८९ ला तिथे स्थानिक निवडणुका झाल्या. मतपत्रिकेवर एकच संयुक्त यादी. ती न खुणा करता तशीच पेटीत टाकली की होकार. नकार द्यायचा तर पडद्याआड जाऊन नावं खोडायची, आणि पडद्याआड कोण गेलं हे सगळ्यांना दिसणार. पण कायद्यात एक कलम शिल्लक होतं: मतमोजणी उघड्यावर, कोणीही येऊन पाहावी. इतकी वर्षं सहसा कोणी गेलं नव्हतं. त्या संध्याकाळी गेले. साधी माणसं, बरीचशी चर्चच्या आसऱ्याने जमणाऱ्या गटांतली, वह्या घेऊन मोजणीच्या खोल्यांमध्ये कडेला उभी राहिली आणि किती नकार निघाले ते लिहून घेत गेली. रात्री सरकारने ९८.८५ टक्के होकार जाहीर केला. इकडे एकेका भागातल्या वह्या एकत्र करून बेरीज झाली, तर काही भागांत, पाहिलेल्या केंद्रांवरचे नकारच अख्ख्या भागासाठी जाहीर केलेल्या आकड्याहून जास्त भरले. सरकार खोटं बोलतं हे लोकांना आधीही ठाऊक होतं. आता त्यांच्या हातात बेरीज होती. नोव्हेंबरात भिंत पडली, त्यामागे कारणं पुष्कळ होती. पण मला ती वहीतली बेरीज विसरता येत नाही. ज्या राज्यात मत देणं जवळपास निरर्थक होतं, तिथेही मोजणी पाहण्याचा हक्क कामी आला.

मत देणं आणि सत्ता असणं या दोन गोष्टी किती वेगळ्या असू शकतात, हे आमच्या क्षेत्रातल्या एका प्रसंगातही दिसतं. २००९ च्या सुरुवातीला फेसबुकने वापराच्या अटी बदलल्या, त्यावर गदारोळ झाला, आणि कंपनीने जाहीर केलं की यापुढे मोठे बदल वापरकर्त्यांच्या मतदानाला टाकू. तेव्हा मला ते फार आशादायक वाटलं होतं. अट एक: एकूण सक्रिय वापरकर्त्यांपैकी ३० टक्क्यांनी मत दिलं तरच निकाल बंधनकारक. डिसेंबर २०१२ मध्ये शेवटचं मतदान झालं. प्रस्तावात ही मतदानाची पद्धतच बंद करण्याचा मुद्दा होता. सुमारे ६ लाख ६८ हजार लोकांनी मत दिलं आणि त्यातल्या जवळपास ८८ टक्क्यांनी विरोध केला. पण वापरकर्ते तेव्हा शंभर कोटींच्या घरात होते, म्हणजे निकाल बांधील व्हायला तीस कोटी मतं हवी होती. मतदानाची पद्धत बंद झाली.

यात कोणी आकडे फिरवले नाहीत. नियम आधीपासून लिहिलेला होता. पण तो नियम कोणी लिहिला, मतदान आहे हे लोकांना कळवायचं कुणाच्या हातात होतं, आणि नियम बदलायचा अधिकार कुणाकडे होता, या तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकच होतं. ज्याच्यावर अंकुश ठेवायचा त्याच्याच मुठीत अंकुश. अशा जागी मतपेटी ठेवली तर मी तिला लोकशाही म्हणणार नाही, मग बाकी व्यवस्था कितीही चोख असो.

उलट उदाहरणही आमच्याच घरातलं. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा गिदो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये जगापुढे ठेवली आणि त्यानंतर पाव शतकाहून अधिक काळ शेवटचा शब्द त्यांचा असे. लोक त्यांना प्रेमाने तहहयात हुकूमशहा म्हणत. जुलै २०१८ मध्ये एका नव्या सोयीवरून झालेल्या वादाने ते थकले आणि पायउतार झाले. जाताना वारस नेमला नाही. कसं चालवायचं ते तुम्ही ठरवा, म्हणाले. मग मुख्य विकासकांनी वेगवेगळ्या राज्यपद्धतींचे मसुदे लिहिले, त्यांवर मतदान केलं आणि पाच जणांची निवडून येणारी समिती ठरवली. एकाच कंपनीचे दोनपेक्षा जास्त लोक समितीत नकोत आणि दोन तृतीयांश मतांनी समितीला घरी पाठवता येईल, हे त्यात लिहून ठेवलं. पहिल्या निवडणुकीला गिदो स्वतः उमेदवार म्हणून उभे राहिले, निवडून आले, आणि पुढच्या खेपेला बाजूला झाले. ज्याचा शब्द पंचवीस वर्षं शेवटचा होता तो पाचांतला एक होऊन बसला. माझ्या मनात या माणसाबद्दल भाषेपेक्षाही या कृतीमुळे आदर आहे.

आता लोक मला विचारतात, ही नवी सेवा आली आहे, विश्वास ठेवू का? प्रश्नचिन्हांच्या त्या फाइलनंतर माझी पद्धत ठरलेली आहे. पहिल्याच दिवशी मी तिथे एक मराठी परिच्छेद लिहितो. त्यात ज्ञ असतो, क्ष असतो, 'दुसऱ्या'मधला अर्धा र असतो. लगेच तो उतरवून घेतो, दुसऱ्याच प्रोग्राममध्ये उघडतो आणि अक्षर न अक्षर ताडून पाहतो. मग खातं काढून टाकतो. किती पायऱ्या उतराव्या लागतात, कितीदा 'नक्की ना?' विचारलं जातं, आणि महिन्याभराने त्यांचं पत्र येतं की नाही, हे पाहतो. एवढं झाल्यावर मनाला पटलं तर नवं खातं उघडतो.

त्यांनी पूर्वीच्या चुकांबद्दल काय लिहिलंय तेही वाचतो, कारण माणूस भाषेत लपतो आणि भाषेतच सापडतो. 'काही वापरकर्त्यांना तात्पुरती अडचण जाणवली असण्याची शक्यता आहे' असं लिहिणाऱ्याकडे मी माझ्या वडिलांचे शब्द ठेवणार नाही. या बाबतीत माझ्यासमोर गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड साठवणाऱ्या ऑनलाइन सेवेतली ३१ जानेवारी २०१७ ची घटना असते. रात्री काम करताना त्यांच्या एका अभियंत्याने चुकून चालू डेटाबेसच पुसला. मग कळलं की बॅकअपच्या पाच पद्धतींपैकी एकही धड चालत नव्हती. योगायोगाने सहा तासांपूर्वीची एक प्रत हाती लागली म्हणून निभावलं. गोष्ट नामुष्कीची होती, पण त्यांनी ती घडत असतानाच उघड्यावर मांडली: काय पुसलं गेलं, काय चाललं नाही, काय परत येणार नाही, सगळं. त्या अभियंत्याला बळीचा बकरा केलं नाही. कधीच न चुकलेल्या सेवेपेक्षा अशी चुकलेली सेवा मला जास्त समजते.

तरी हे सगळं करून मी सुरक्षित झालो असं मी मानत नाही. युनिक्स ही संगणकप्रणाली घडवणाऱ्यांपैकी एक, केन थॉम्प्सन, यांचं ट्युरिंग या संगणकशास्त्रातल्या मानाच्या पुरस्काराचं भाषण १९८४ साली छापून आलं. त्यात त्यांनी दाखवून दिलं की कंपायलरमध्येच, म्हणजे माणसाने लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्राममध्येच, चोरवाट अशी पेरता येते की तो लॉगिनच्या प्रोग्राममध्ये गुपचूप दार ठेवील, आणि स्वतःची नवी आवृत्ती बनवताना तिच्यातही तीच खोड उतरवील. मग मूळ कोड कितीही वाचा, तो निर्मळच दिसणार. विद्यार्थी असताना हे वाचून मला रात्रभर झोप लागली नव्हती. तपासत तपासत तळापर्यंत कोणीच जाऊ शकत नाही. कुठेतरी माणसावर भरवसा ठेवावाच लागतो.

आणि माणूस मुद्दाम भरवसा कमावायलाच आलेला असला तर? मार्च २०२४ च्या अखेरीस अँड्रेस फ्रॉइंड नावाचा प्रोग्रामर एका डेटाबेसच्या वेगाच्या चाचण्या घेत होता. दूरच्या यंत्रावर लॉगिन होताना त्याला किंचित उशीर जाणवला. आधी सेकंदाच्या तीन दशांशांत होणारं काम आठ दशांश घेत होतं. अर्धा सेकंद. कोणीही म्हटलं असतं, जाऊ दे. तो मागे लागला, आणि धागा एक्सझी नावाच्या, फाइली दाबून लहान करणाऱ्या साध्याशा प्रोग्रामपर्यंत पोचला. तो प्रोग्राम एक माणूस फावल्या वेळात, बिनपगारी सांभाळत आलेला. जिया तान हे नाव लावणाऱ्या कुणीतरी दोनेक वर्षं त्याला मनापासून मदत केली, विश्वास मिळवला. मध्येच अनोळखी नावांनी त्या थकल्या माणसाला टोचणी लावली की काम दुसऱ्याच्या हाती दे. हाती आल्यावर त्या मदतनिसाने नव्या आवृत्तीत चोरवाट घातली. ती पकडली गेली नसती तर विशिष्ट गुप्त किल्ली असलेल्याला जगभरच्या असंख्य सर्व्हरांची दारं उघडी झाली असती.

मी या घटनेकडे पुन्हा पुन्हा जातो. त्या जुन्या माणसाने फसावं असं काही वावगं केलं नव्हतं. मदत करणाऱ्यावर विश्वास ठेवला, आपण सगळे ठेवतो. वाचवलं ते कुठल्याही प्रमाणपत्राने नाही. ज्याला अर्धा सेकंद खटकला, त्याला झाकण उघडून आत पाहण्याची मोकळीक होती. कुणाची परवानगी मागावी लागली नाही. आणि जे दिसलं ते त्याने चारचौघांत सांगितल्यावर काही तासांत जगभरचे लोक कामाला लागले. बंद पेटीतली सेवा असती, तर तो अर्धा सेकंद त्याच्या मनातच राहिला असता, किंवा न वाचल्या जाणाऱ्या कुठल्यातरी पत्त्यावर गेला असता.

इथे मला भाचीच्या प्रश्नाचं उत्तर सापडल्यासारखं वाटतं. ज्याला काही खटकलं त्याला झाकण उघडण्याचा हक्क आहे, विचारलं तर उत्तर देणं दुसऱ्यावर बंधनकारक आहे, आणि उत्तर न देणाऱ्याला लोक मिळून हटवू शकतात: ही लोकशाही. ऑनलाइन सेवेवरचा विश्वासही मी याच मापाने मोजतो. 'पटत नसेल तर सोडून जा' हे उत्तर मला पुरत नाही. जिथे माझी माणसं, माझी पत्रं, माझं बोलणं साठलेलं आहे, तिथून निघणं म्हणजे दुकान बदलणं नव्हे. म्हणून युरोपने २५ मे २०१८ पासून लागू केलेल्या कायद्यात आपली माहिती यंत्राला वाचता येईल अशा रूपात मागून घेण्याचा हक्क आला, याचं मला मोल वाटतं. दार कसं असावं हे तिथे कंपनीने ठरवलं नाही. लोकांनी निवडून दिलेल्यांनी ठरवलं.

एक गोष्ट मात्र मला प्रोग्रामर म्हणून कष्टाने शिकावी लागली. मला वाटायचं, कोड खुला केला की झालं, ज्याला शंका असेल त्याने वाचावा. ३ मार्च २००९ ला जर्मनीच्या घटना न्यायालयाने २००५ च्या निवडणुकीत वापरलेली मतदानयंत्रं घटनेत बसत नाहीत असा निकाल दिला. यंत्रांत लबाडी झाल्याचा ठपका ठेवला नाही. म्हणणं एवढंच, की मतदानातले मुख्य टप्पे कोणत्याही नागरिकाला, खास तांत्रिक ज्ञान नसताना, तपासता आले पाहिजेत. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते मागासलेपण वाटलं. आज वाटतं की न्यायाधीशांना माझ्याहून जास्त कळलं होतं. मी तपासून 'ठीक आहे' म्हणालो, तर बाकीच्यांच्या दृष्टीने विश्वास यंत्रावरून माझ्यावर सरकला, एवढंच. वही घेऊन खोलीत कडेला उभं राहणाऱ्याला मात्र मध्ये माझी गरज नव्हती. मोजता येणं पुरेसं होतं.

भाचीने हे सगळं तिच्या भाषेत लिहिलं. तिचं लिहून झालं त्या रात्री ताईचा, म्हणजे तिच्या आईचा फोन आला. बोलता बोलता मी तिला त्या फाइलबद्दल सांगितलं. इतके दिवस सांगायचा धीर झाला नव्हता. ती म्हणाली, बाबा मलाही त्याच गोष्टी सांगायचे, तू एखादी ओळ सांग. मी म्हटलं, ओळ कुठली सांगू, आकडे आहेत. पाच, चार, सहा, तीन. ती बराच वेळ गप्प होती. मग बाबा ज्या लयीत सुरुवात करायचे त्याच लयीत म्हणाली, "विहीर आटली तेव्हा आजी..."

मी कागद घेऊन मोजलं. व, वेलांटी, ह, वेलांटी, र. पाच. आटली, चार. तेव्हा, हलन्त धरून सहा. आजी, तीन.

"पुढे सांग," मी म्हटलं.